बाबांचं इंग्लंड, सेंदाईपासून दीड तास

माझ्या बाबांनी इंग्लंड पाहिलेलं नाही, ही गोष्ट आमच्या गावात फक्त तिघांना ठाऊक होती: बाबा, आई आणि मी. बाकी सगळं गाव ठामपणे धरून चाललं होतं की सर तरुणपणी तिकडे शिकायला होते.

याला कारण बाबांची शिकवण्याची तऱ्हा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये ते इंग्रजी शिकवायचे. धड्यात कुठे इंग्लंडमधलं घर आलं, की पुस्तक मिटून ठेवायचे आणि रंगीत खडू काढायचे. दारातून आत शिरलं की मोठा हॉल, डाव्या हाताला ड्रॉइंगरूम, तिथे फायरप्लेस, फायरप्लेसच्या वर संगमरवरी फळी, फळीवर घड्याळ. धूर भिंतीच्या पोटातून वर कसा जातो, धुराडं मध्येच थोडं तिरकं का असतं, काजळी कशी खरवडतात, सगळं फळ्यावर यायचं. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत अख्खा वर्ग शेकोटीपाशी हात शेकत बसलेला. एका वर्षी एका मुलानं उभं राहून विचारलं, सर, तुम्ही तिथं राहिलाय का? बाबा फळा पुसत होते. मागे न वळताच ते म्हणाले, ‘हो.’

तो ‘हो’ त्यांना आयुष्यभर पुरला. संध्याकाळपर्यंत तो बाजारपेठेत पोचला, आणि बाबा निवृत्त झाले तेव्हा सत्काराच्या व्यासपीठावरून पाहुण्यांनी ‘विलायतेत शिकून आलेले आणि तरी गावाकडे परतलेले’ असा त्यांचा गौरव केला. बाबा गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन मूग गिळून बसले. पहिल्या रांगेतून आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बाबा नारळाची शेंडी बघत होते. घरी आल्यावर आईनं त्यांना ‘विलायतेहून कधी आलात?’ असं विचारलं, आणि पुढे अनेक वर्षं त्यांना चहा देताना ती अधूनमधून हेच विचारत राहिली.

बाबांचं म्हणणं असं की एकदा जाऊन आलं की प्रश्न मिटला. चुकलेली हजेरी मागाहून लावावी तसं. त्यासाठी त्यांनी तपकिरी चामड्याचे बूट घेऊन ठेवले होते. ते बूट खोक्यात असायचे, दिवाळीच्या आधी बाहेर निघायचे, पॉलिश होऊन परत आत जायचे. पण आधी माझं शिक्षण, मग माझं लग्न, मग आईचे गुडघे, असं करत इंग्लंड पुढे पुढे सरकत गेलं. मग बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी सांगितलं, एक लांबचा प्रवास करायचा तर करून घ्या, त्यानंतर विमानाचं नाव काढू नका.

आता सर इंग्लंडला जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं. बाबा दवाखान्याच्या पायऱ्या उतरले आणि आईला म्हणाले, आपण जपानला जाऊ, नात मोठी होत चालली.

हे मला आईनं फोनवर सांगितलं. मला आधी आनंद झाला आणि मग जे काही अपराधी वाटायला लागलं ते विचारू नका. मी सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक आहे, गेली बरीच वर्षं इथेच. लेक इथेच जन्मली, पाचवीत आहे. तिला मराठी समजतं, पण बोलते ती पाहुण्यासारखी. मागच्या वेळी भारतात गेलो तेव्हा आजोबा आणि नात यांचं महिनाभर चाललेलं संभाषण म्हणजे दोन्ही बाजूंनी मान हलवणं. त्या मान हलवण्यासाठी बाबांनी आपलं इंग्लंड सोडलं होतं. आणि आता तो जुना ‘हो’ कायमचा खोटा राहणार होता.

नोव्हेंबरात दोघं आले. नवरा नेमका कॉन्फरन्सला गेला होता, त्यामुळे घरात मी, लेक आणि हे दोघं. आईला जपान दुसऱ्याच दिवशी आवडलं, कारण रस्त्यावर कचरा नव्हता आणि कचऱ्याचे प्रकार मात्र इतके होते की तिला रोज सकाळी काहीतरी काम मिळालं. बाबांचं तसं नाही. बाबा प्रत्येक गोष्टीला मार्क देतात. भुयारी रेल्वेला चांगले मार्क मिळाले, कॉन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, भाताच्या गोळ्यांना काठावर पास केलं, आणि जागोजागी बूट काढायच्या पद्धतीला त्यांनी भोपळा दिला. वाकून नाड्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. ‘तुमच्या या देशात माणूस निम्मा वेळ ओणवाच असतो,’ असं ते म्हणाले. तपकिरी बूट त्यांनी आणलेच होते. इंग्लंड नाही तर नाही, बूट तरी परदेश बघतील, असं आईनं बॅग भरताना म्हटलं होतं म्हणे.

आमच्या लॅबच्या सेक्रेटरीबाईंना मी हे सगळं एकदा जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या की डोंगरात एक इंग्लिश घर आहे. जुनं, एकाच घराण्याच्या मालकीचं, अजून वापरात असलेलं. मालकीणबाई फक्त शरद ऋतूत शनिवार-रविवारी ते लोकांना दाखवतात आणि शेवटी चहा देतात. दीड तासाचा रस्ता.

घरी येऊन मी सांगितलं, तर बाबांनी नाक मुरडलं. आदल्याच दिवशी त्यांनी एका रेस्टॉरंटच्या काचेत मेणाच्या नूडल्स पाहिल्या होत्या. तसलंच असणार, म्हणाले, बघायला छान आणि तोंडात घालायला मेण. पण रविवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली तेव्हा बाबा दारात तयार होते, आणि पायात तपकिरी बूट होते.

रस्ता कापणी झालेल्या भातशेतांमधून जात होता. पाठीमागे आई लेकीला चिवडा भरवत होती, लेक जपानीत मला सांगत होती की पोट भरलंय, आणि मी ते आईला सांगत नव्हते. डोंगर चढायला लागलो तशी झाडं लाल-पिवळी होत गेली. एका वळणानंतर अचानक ते घर समोर आलं.

मी गाडी होती तिथेच थांबवली. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या पट्ट्या, उतरती छपरं, पुढे आलेल्या खिडक्या, भिंतीवर लाल पडलेला वेल आणि छपरावर विटांची दोन उंच धुराडी. बाबा गाडीतून उतरले आणि नुसते उभे राहिले. आईनं मात्र लगेच विचारलं की एवढं झाडतं कोण.

मग बाबांना नीट दिसायला लागलं आणि मार्क कापणं सुरू झालं. पुढे आलेल्या त्या देखण्या खिडकीखाली सोललेली पर्सिमन फळं दोऱ्यांना बांधून वाळत घातली होती. पाच मार्क गेले. भिंतीवर टिचकी मारून बघितली तर दगड नव्हता, लाकडावर गिलावा होता. आणखी गेले. पण दारावर एक पाटी होती आणि तिनं सगळं सावरलं. लेकीनं वाचून सांगितलं: कृपया बूट काढू नयेत.

बाबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ‘बघ,’ असं ते मला म्हणाले, जणू पाटी त्यांनीच लावली होती. आमच्याबरोबर आत शिरणारं एक जपानी जोडपं उंबऱ्यावर अडखळून उभं होतं. बूट घालून कुणाच्या घरात पाय ठेवायचा हे त्यांच्या जिवावर आलं होतं, दोघं चवड्यांवर चालत आत गेले. आईनं तर सवयीनं केव्हाच बूट काढले होते आणि ती मोज्यांवर उभी होती. तिला परत घालायला लावले. बाबा तेवढे टाचा वाजवत आत गेले.

मालकीणबाई ऐंशीच्या आसपासच्या, लहानखुऱ्या, लोकरी बंडीवर स्वयंपाकाचा ॲप्रन घातलेल्या. इंग्लिश घराच्या मालकिणीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्या जपानीत सांगायच्या आणि माझी लेक ते मराठीत करायची. मी करणार होते, पण बाईंनी पहिल्यापासून माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलायला सुरुवात केली, आणि लेकीला एकदम भाव चढला.

घर बाईंच्या आजोबांनी बांधलं. ते रेशमाचे व्यापारी, योकोहामाच्या बंदरात एका इंग्रजाला रेशीम विकायचे. त्या इंग्रजाच्या कचेरीत त्याच्या वडिलोपार्जित घराचे फोटो टांगलेले असायचे. सौदा ठरेपर्यंत आजोबा ते बघत बसायचे. एकदा त्यांनी ते फोटोच मागून घेतले, गावी आणले आणि देवळं बांधणाऱ्या सुतारांसमोर ठेवले. असं घर हवं. सुतारांनी आधी नाही म्हटलं, मग फोटो रात्रभर ठेवून घेतले, मग हो म्हटलं. त्यानंतर घराण्यात रेशीम राहिलं नाही, जमिनी गेल्या, पण घर कुणी विकलं नाही. बाई याच घरात जन्मल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या.

हॉलमध्ये जिन्याच्या कोपऱ्यात चिलखत उभं होतं. बाबा उत्साहानं जवळ गेले आणि थबकले. ते सामुरायाचं निघालं, शिंगांच्या शिरस्त्राणासकट. फोटोत कोपऱ्यात चिलखत होतं, तेव्हा घरात होतं ते उभं केलं, असं बाईंनी सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघून दहा बोटं दाखवली. दहा मार्क गेले.

मग ड्रॉइंगरूम. डाव्या हाताला. तिथे फायरप्लेस होती, फायरप्लेसच्या वर संगमरवरी फळी होती आणि फळीवर घड्याळ होतं. ही खोली मी लहानपणी फळ्यावर पाहिली होती. मी बाबांच्याच वर्गात होते. आईनं बाबांच्या कोपराला हात लावला आणि या वेळी ती विलायतेबद्दल काही बोलली नाही.

बाबा हळूहळू फायरप्लेसपाशी गेले. आत सारख्या आकाराचे ओंडके सुंदर रचून ठेवले होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आतल्या विटेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मला म्हणाले, ‘काजळी कुठंय?’

मी म्हटलं, स्वच्छ ठेवत असतील, जपान आहे. बाबांनी मान हलवली. वर्गात कुणीतरी नक्कल केली आहे असा संशय आला की त्यांचा चेहरा व्हायचा तसा झाला होता. आणि मग ज्या माणसानं दोन आठवडे वाकायच्या नावानं बोटं मोडली होती, तो माणूस गालिच्यावर गुडघे टेकून बसला, फोनचा टॉर्च लावला आणि फायरप्लेसमध्ये डोकं घातलं. जपानी जोडपं भिंतीला चिकटलं. मी बाबा, बाबा करत राहिले. आतून घुमल्यासारखा आवाज आला, ‘वर भोक नाहीये.’

लेकीनं ते लगेच जपानीत करून टाकलं. तिला थांबवायची सोय नव्हती.

मला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. दुसऱ्याच्या पिढीजात घरात जाऊन, त्यांच्या फायरप्लेसमध्ये डोकं घालून चूक काढणं हे फक्त माझ्या बाबांनाच जमू शकतं. बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. खांदे हलत होते. त्या हसत होत्या. हसून हसून त्यांना खुर्ची धरावी लागली.

इतक्या वर्षांत आलेल्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. देवळाच्या सुतारांनी फोटोत जे दिसलं ते तंतोतंत केलं. बाहेरच्या फोटोत छपरावर धुराडं होतं, तर छपरावर धुराडं केलं. आतल्या फोटोत फायरप्लेस होती, तर आत फायरप्लेस केली. या दोहोंच्या मध्ये भिंतीत काय असतं ते कुठल्याच फोटोत नव्हतं, म्हणून मध्ये काहीच केलं नाही. वरची धुराडी तर विटांचीही नव्हती, लाकडाची पोकळ पेटी होती आणि तिच्यावर विटा रंगवल्या होत्या. घर पुरं झाल्यावर आजोबांनी त्या इंग्रज साहेबाला बोलावलं आणि त्याच्या सन्मानार्थ शेकोटी पेटवली. थोड्या वेळानं साहेब, आजोबा, सुतार, गावचे प्रमुख असे सगळे खोकत खोकत बागेत उभे होते. चहा बागेतच झाला. साहेब घराबद्दल खूप चांगलं बोलला आणि धुराबद्दल अवाक्षरही बोलला नाही. त्यानंतर त्या फायरप्लेसमध्ये कुणी काडी ओढली नाही.

धुराड्याचे सगळे मार्क कापले, असं सांगून बाबांनी विचारलं, दुरुस्त का नाही केलं? लाल शाईवर आयुष्य काढलेला माणूस, त्यांना ते सहन होईना. बाई म्हणाल्या की आजोबांनी बांधलं ते असं बांधलं.

खोली विलक्षण गार होती. उंच छत, मोठ्या खिडक्या आणि उबेला काही नाही. बाबांचे ओठ निळसर दिसायला लागले तशी माझी धांदल उडाली, औषधाची डबी पर्समध्ये सापडेना. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, जपानी जोडप्याला चहाच्या खोलीत बसवून आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, माझ्या मागून या. जिन्यामागे एक अरुंद दार होतं. दाराच्या पलीकडे एक पायरी आणि पायरीपाशी स्लिपर्स. इथून पुढे बूट काढायचे होते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नाड्या सोडल्या. त्यांनी पाय बाहेर काढले आणि ते बूट, टोकं दाराकडे करून, माझ्या लेकीनं नीट लावून ठेवले.

पलीकडे घराण्याचं खरं घर होतं. चटयांची छोटी खोली, मध्ये कोतात्सु, म्हणजे ज्याच्या पोटात हीटर असतो आणि ज्यावर गोधडी पसरलेली असते असं बुटकं टेबल. कोपऱ्यात रॉकेलची शेगडी आणि तिच्यावर वाफाळणारी किटली. बाईंच्या आजीनं पुढच्या खोल्यांत एकही हिवाळा काढला नव्हता म्हणे. पाहुणे गेले की अख्खं घराणं पळत या खोलीत यायचं. आम्ही पाचही जण गोधडीखाली पाय घालून बसलो. बाबांच्या गालांवर रंग आला. आई म्हणाली की घर असं पाहिजे, हाताशी सगळं. बाईंनी चहा आणि स्कोन, म्हणजे इंग्रज चहाबरोबर खातात ते छोटे गोल केक, आणले. तांदळाच्या पिठाचे स्कोन, आत गोड वाटलेले लाल घेवडे आणि वर क्रीम. बाबांनी स्कोन या विषयावरही वर्षानुवर्षं शिकवलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. मार्क काही सांगितले नाहीत, पण दुसरा घेतला.

मग बाईंनी लेकीला काहीतरी विचारलं. लेक आजोबांकडे वळली आणि तिच्या त्या पाहुण्या मराठीत म्हणाली, ‘आजोबा, ही आजी विचारते, तुम्हाला सगळं कसं माहीत आहे? तुम्ही इंग्लंडमध्ये खूप राहिलात का?’

तोच प्रश्न. तितक्याच सरळपणे विचारलेला. उत्तरही तेच द्यायचं, एक शब्द, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हजारो मैलांवर, डोंगरातल्या एका बाईंना काय फरक पडत होता? आई कपात बघत होती. बाबांनी उरलेला स्कोन बशीत ठेवला, हात पुसले.

‘त्यांना सांग,’ ते म्हणाले, ‘मी इंग्लंडला कधीच गेलो नाही. सगळं पुस्तकात वाचलेलं. वाचून मुलांना शिकवलं. आणि एकानं विचारलं तेव्हा खोटं बोललो.’

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोललो हे आजोबांच्या बाबतीत जपानीत कसं म्हणायचं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, म्हणाले तसंच सांग. तिनं सांगितलं, अगदी हळू आवाजात आणि बाईंकडे न बघता.

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली. त्या बाबांकडे वळून सरळ बसल्या आणि खूप खाली वाकल्या. मग थोडंसंच बोलल्या. लेक म्हणाली, ‘आजी म्हणते, तिचे आजोबा पण नाही गेले. ती पण नाही गेली. या घरात इंग्लंड कोणीच नाही पाहिलं.’ मग स्वतःचंच काही सुचल्यासारखी म्हणाली, ‘तुम्ही एकदम बरोबर घरी आलात, आजोबा.’

बाबा मोठ्यानं हसले. सत्कारानंतर इतक्या मोकळेपणी हसलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते किटलीच्या वाफेवर ढकललं. मला तर काही लपवावंसंही वाटलं नाही, मी सरळ रडले.

दुपारनंतर पाहुणे संपले तेव्हा बाईंनी सांगितलं की घरात एक रिवाज आहे. आजोबांच्या स्मृतिदिनाला ही रॉकेलची शेगडी उचलून पुढच्या फायरप्लेसमध्ये नेऊन ठेवतात आणि सगळे तिच्यासमोर बसतात. आज स्मृतिदिन नव्हता, पण आज करू या म्हणाल्या. मी आणि लेकीनं शेगडी नेली, ओंडके बाजूला केले. त्या संगमरवरी फळीखाली, कधीच न काळवंडलेल्या विटांमध्ये शेगडीची नारिंगी जाळी पेटली. वर किटली. बाबा समोरच्या खुर्चीत बसले, पाय पुढे करून, नुसत्या मोज्यांवर. बूट तिकडे पायरीपाशीच राहिले होते आणि त्यांना त्याची आठवणही नव्हती. आईनं त्यांच्याच फोनवर त्यांचा फोटो काढला.

तो फोटो तिनं बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला, खाली एक अक्षरही न लिहिता. हे आम्हाला परतीच्या वाटेवर कळलं, कारण बाबांचा फोन थांबायचं नाव घेईना. आई मागच्या सीटवरून वाचून दाखवू लागली. सर पोचले परत इंग्लंडला. सर, फायरप्लेस अगदी तुमच्या फळ्यावरच्यासारखी. सर, जुन्या आठवणी जाग्या झाल्या असतील ना.

बाबांनी मागे हात करून फोन घेतला आणि चष्मा लावला. ते एका बोटानं टाइप करतात. हायवेला लागलो तरी त्यांचं चाललंच होतं. मी तिरक्या नजरेनं बघत होते. त्यांनी लिहिलं होतं: हे जपान आहे. मी इंग्लंडला आजवर गेलेलो नाही. वर्गात हो म्हणालो होतो ते खोटं होतं.

मग फोन एकदम गप्प झाला. बाबा फोन मांडीवर पालथा ठेवून खिडकीबाहेर बघत होते. मला गाडी कडेला घ्यावीशी वाटत होती, पण हायवेवर तशी सोय नसते. फोन वाजला तेव्हा तो त्यांनी उचलला नाही. मागून आईनंच घेतला आणि वाचला. ज्यानं तो प्रश्न विचारला होता त्याच मुलाचं उत्तर होतं. तो मुलगा आता पन्नाशी उलटलेला, इंग्लंडच्या उत्तरेकडे कुठेतरी इंजिनियर आहे.

‘सर, आम्हाला तेव्हाच माहीत होतं. पुढच्या वर्गातल्या मुलांनाही आम्ही सांगून ठेवायचो की सरांना विचारू नका. मी इथे वीस वर्षं राहतोय. सगळं तुम्ही शिकवलं तसंच आहे, फक्त धुराडी आता बंद करून टाकतात. माझ्याही घरची फायरप्लेस वरून बुजवलेली आहे. आत हीटर ठेवलाय.’

आईनं वाचून संपवलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढून पुसला. बराच वेळ असंच चाललं. सेंदाईचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते मागे वळले आणि नातीला म्हणाले की त्या आजींना फोन लावून दे, तुझ्या भाषेत सांग.

‘काय सांगू?’

‘म्हणावं, धुराड्याचे कापलेले मार्क परत दिले. चिलखताचे मात्र नाही.’